कमरेच्या हाडातला पांढरा त्रिकोण

बाळंतपणानंतर बाईची कंबर दुखायचीच, असे आपल्याकडे धरून चालले जाते. ती दुखू लागली की सासूबाई म्हणतात, आमच्याही दुखल्या होत्या; नवरा म्हणतो, घटकाभर पड; आणि बाई पदर खोचून पुन्हा चुलीकडे नाहीतर शेताकडे वळते. असे वर्ष जाते, दोन वर्षे जातात. शेवटी कोणीतरी तिला तालुक्याच्या गावी नेऊन एक्स-रे काढतो, आणि रिपोर्टात लिहून येते की कमरेच्या दोन्ही हाडांत ‘स्क्लेरोसिस’ दिसतो, म्हणजे हाड दाट व घट्ट झालेले दिसते. ह्या एका शब्दाने घराचा धीर सुटतो. कोणी म्हणते हाडाचा क्षय, कोणी म्हणते कॅन्सर, कोणी म्हणते आता कंबर धरणार आणि बाई अंथरुणाला खिळणार. दागिने गहाण पडतात, दुभती म्हैस बाजारात जाते, आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात हेलपाटे सुरू होतात.

असा कागद हातात घेऊन विचारायला येणारी माणसे आम्हांला दर वर्षी भेटतात. आम्ही डॉक्टर नाही, आणि ह्या पानावरून कोणाला औषध देण्याचा आमचा विचारही नाही. परंतु ज्या दुखण्याची भीती दुखण्यापेक्षा मोठी असते, त्याविषयी चार गोष्टी स्पष्ट सांगणे हे ह्या पानाचे काम आहे. म्हणून ह्या वेळी आम्ही कमरेच्या हाडाच्या एका निरुपद्रवी विकाराची माहिती देत आहोत. निरुपद्रवी म्हणजे दुखत नाही असे नव्हे. तो दुखतो, कधीकधी फार दुखतो. पण तो जीव घेत नाही, पसरत नाही आणि माणसाला पांगळे करीत नाही.

सांधा कोठे असतो

आपल्या पाठीचा कणा खाली येऊन एका पाचरीसारख्या हाडाला मिळतो. त्याला त्रिकास्थी म्हणतात. माकडहाड त्याच्याही खाली असते. ह्या पाचरीच्या दोन बाजूंना कमरेची दोन रुंद, पसरट हाडे आहेत. कमरेवर हात ठेवून उभे राहिले म्हणजे ज्या कडेवर हात टेकतो, तीच ही हाडे. पाचर आणि ही पसरट हाडे जेथे मिळतात तेथे उजवीकडे एक व डावीकडे एक असे दोन सांधे असतात. पुष्कळांच्या कमरेखाली मागच्या बाजूला दोन खळ्या दिसतात. सांधे साधारण त्या खळ्यांच्या आसपास, आत खोलवर असतात.

दगडी कमान पाहिली असेल तर ह्या सांध्यांचे काम लगेच समजेल. कमानीच्या माथ्यावर पाचरीच्या आकाराचा दगड बसवलेला असतो आणि वरचा सगळा भार तो दोन्ही बाजूंच्या दगडांवर वाटून देतो. तसेच डोके, छाती, हात, पोट आणि डोक्यावरची घागर ह्या सगळ्यांचे ओझे कण्यावरून पाचरीवर येते आणि ह्या दोन सांध्यांतून पायांकडे जाते. हे सांधे गुडघ्यासारखे वाकत नाहीत. त्यांची हालचाल जेमतेम दोन-चार अंशांची असते. त्यांना जागच्या जागी धरून ठेवतात ते चिवट अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या जाड दोऱ्या. ह्या दोऱ्या सैल झाल्या की ओझे नीट वाटले जात नाही आणि हाडाच्या एका भागावर जास्त ताण येतो.

नावाचा अर्थ

ह्या विकाराचे वैद्यकीय नाव ‘ऑस्टिआयटिस कॉन्डेन्सन्स इलिआय’ असे आहे. नाव ऐकूनच माणूस दचकतो. परंतु लॅटिन नावांना भिण्याचे कारण नाही. सेमिनरीत ती भाषा घोकताना आम्हांला कळून चुकले की मोठ्या शब्दांच्या पोटात बहुधा साधीच गोष्ट असते. ‘इलिआय’ म्हणजे कमरेच्या पसरट हाडाचा, ‘कॉन्डेन्सन्स’ म्हणजे दाट करणारा, आणि ‘ऑस्टिआयटिस’ म्हणजे हाडाचा दाह. यांपैकी शेवटचा शब्द थोडा फसवा आहे. ह्या विकारात जंतू नसतात, पू नसतो, सांधा कुरतडला जात नाही. मुख्य गोष्ट एवढीच की हाडाचा एक भाग नेहमीपेक्षा दाट झालेला असतो.

फ्रान्समध्ये सिकार, गाली व हागनो ह्या डॉक्टरांनी १९२६ साली अशा दाट हाडांचे वर्णन प्रथम केले. १९२८ साली बार्सोनी व पोल्गार ह्यांनी त्याला आजचे नाव दिले. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली राँटजेन ह्यांनी लावला. त्याआधी जिवंत माणसाच्या हाडातली अशी गोष्ट दिसणे शक्यच नव्हते. म्हणजे हा काही नवा रोग आलेला नाही. आपल्या पणज्यांच्या कमरेतही तो असणार, फक्त तो पाहणारे यंत्र नव्हते.

एक्स-रेवर दाट हाड पांढरे दिसते. ह्या विकारात सांध्याच्या खालच्या भागाला लागून, कमरेच्या पसरट हाडात एक पांढरा त्रिकोण उमटतो. बहुधा तो उजवीकडे व डावीकडे सारखाच असतो. त्रिकास्थीची बाजू बहुतेक वेळा नेहमीसारखी असते आणि दोन हाडांमधली फट स्वच्छ, सरळ दिसते. ही फट शाबूत असणे हीच सर्वांत मोठी दिलाशाची खूण आहे.

तो कोणाला होतो व का होतो

निरनिराळ्या पाहण्यांत शंभरांतल्या साधारण एक-दोन माणसांच्या एक्स-रेत हा त्रिकोण आढळलेला आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांना काहीच दुखत नसते. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या फोटोत तो योगायोगाने सापडतो. ज्यांना दुखते त्यांत बायकांचे प्रमाण फार मोठे आहे, आणि त्यांतही एक वा अनेक बाळंतपणे झालेल्या बायकांचे. तरी तो मूल न झालेल्या बाईत आणि क्वचित पुरुषांतही दिसतो.

ह्याचे सर्वांत पटणारे कारण ताणाचे आहे. गरोदरपणी शरीरात असे रस वाढतात की जे अस्थिबंध सैल करतात. बाळाला बाहेर येण्यास वाट मिळावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय होय. परंतु त्याच महिन्यांत पोटाचे वजन वाढते, शरीराचा तोल पुढे जातो आणि कमरेत बाक येतो. दोऱ्या सैल, ओझे जास्त आणि तोल पुढे, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की सांध्याच्या खालच्या भागात हाडावर दिवसरात्र दाब पडतो.

दाब पडला की जिवंत हाड स्वस्थ बसत नाही. कुदळ धरून धरून तळहाताला घट्टे पडतात हे शेतकऱ्यास सांगावयास नको. कातडी जेथे घासली जाते तेथे ती जाड होते. हाडाचेही तसेच आहे. ज्या बाजूने ओझे येते त्या बाजूला हाड स्वतःला दाट करून घेते, हा नियम जर्मनीच्या युलिउस वोल्फ ह्या शल्यवैद्याने १८९२ साली पुस्तकरूपाने मांडला. एक्स-रेतला पांढरा त्रिकोण म्हणजे हाडाला पडलेला घट्टाच, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. घट्टा हा काही शरीराचा शत्रू नव्हे. तेथे ताण पडला होता, एवढेच तो सांगतो.

आमच्या खानापूर-चंदगडकडच्या बायकांचे जीवन पाहिले तर हा ताण कोठून येतो ते शोधायला लांब जावे लागत नाही. पोटात सातवा महिना असताना चिखलात दिवसभर वाकून भाताची लावणी, पंधरा लिटरची घागर कमरेवर घेऊन चढण, लाकडाचा भारा, आणि बाळंत होऊन दोन महिने होत नाहीत तोच पुन्हा भांगलण. मूल सारखे एकाच कडेवर, म्हणजे तीच बाजू सदा उचललेली. ह्या कामांनीच विकार होतो असे ठामपणे म्हणता येत नाही, पण दुखणाऱ्या सांध्याला ती कामे सुख देत नाहीत हे निश्चित.

दुखणे ओळखावे कसे

हे दुखणे बोथट, ठणकणारे असते. बोट ठेवून दाखवा म्हटले तर बाई कमरपट्ट्याच्या खाली, खळीच्या जागी बोट ठेवते. तेथून ते कुल्ल्यात उतरते, कधी मांडीच्या मागच्या बाजूला जाते; गुडघ्याच्या खाली सहसा जात नाही. बराच वेळ उभे राहिल्यावर, जिना चढताना, एका पायावर भार देताना, अंथरुणात कूस बदलताना आणि खाली बसून उठताना ते वाढते. पडून राहिले की उतरते. सकाळी अंग थोडे आखडते, पण चार पावले चालल्यावर मोकळे होते. ताप नसतो, वजन घटत नाही, भूक जात नाही.

डॉक्टर पाय दुमडून, बाजूला उघडून, कमरेच्या हाडांवर दाब देऊन सांधा तपासतात. मग एक्स-रे काढतात. सोबत रक्ताच्या दोन साध्या तपासण्या होतात, ईएसआर व सीआरपी. शरीरात दाह किंवा जंतू असले की त्या बहुधा वाढतात. ह्या विकारात त्या नेहमीसारख्या असतात. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. शंका राहिली तरच तो करावा, आणि त्या विषयाची जाण असणाऱ्यांनीच तो वाचावा, कारण ह्या विकारातही एमआरआयवर हाडात सूज दिसू शकते आणि तिच्यावरून दुसऱ्याच रोगाचा शिक्का बसू शकतो. दिवस गेले असण्याची शंका असेल तर एक्स-रेच्या आधी ते डॉक्टरांना न लाजता सांगावे.

ज्यांच्याशी गल्लत होते ते रोग

दिलासा देण्याच्या भरात आम्ही कोणास गाफील करू इच्छित नाही. ह्याच सांध्यात दुसरे काही रोग होतात आणि त्यांवर वेळीच उपाय न झाल्यास मोठे नुकसान होते. म्हणून फरक समजून घ्यावा.

पहिला रोग कणा धरण्याचा. त्याला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. तो बहुधा तरुणपणी, पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो. पुरुषांना होतो तसा स्त्रियांनाही होतो. त्याची चाल उलटी असते. विश्रांतीने दुखणे वाढते आणि हालचालीने कमी होते. रात्री उत्तरप्रहरी दुखून जाग येते, सकाळचे आखडणे अर्ध्या तासाहून अधिक टिकते. काहींचा डोळा लाल होऊन दुखतो. एक्स-रेत सांध्याच्या कडा कुरतडलेल्या दिसतात, फट पुसट होते आणि पुढे दोन हाडे एकमेकांस जुळून जातात. ह्यात एचएलए-बी २७ ही रक्ततपासणी उपयोगी पडते. मात्र ती ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे रोग आहेच असे होत नाही, कारण तो गुण अंगात असूनही बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. ह्या रोगावर आज चांगली औषधे आहेत. पण ती जोरकस व महाग आहेत, म्हणून ज्याला केवळ पांढरा त्रिकोण आहे त्याने ती घेऊ नयेत आणि ज्याला खरोखर हा रोग आहे त्याने ती टाळू नयेत.

दुसरा रोग क्षयाचा. हाडाच्या क्षयात खोकला असलाच पाहिजे असे नाही. तो बहुधा एकाच बाजूच्या सांध्यात होतो. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे ही त्याची लक्षणे. सांध्याचे हाड झिजते, कधी गळू होते. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ती कित्येक महिने, एकही दिवस न चुकवता, सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावी लागतात.

तिसरा रोग आपल्या गोठ्यातून येतो, म्हणून शेतीच्या ह्या पानावर त्याविषयी अधिक सांगितले पाहिजे. त्याचे नाव ब्रुसेलोसिस. १८८७ साली डेव्हिड ब्रूस ह्या लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर त्याचे जंतू शोधले. गाईम्हशींत हा रोग शिरला की त्या अवेळी, बहुधा गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत गाभडतात. गाभडलेले वासरू, वार आणि त्या वेळचा स्राव ह्यांत जंतूंचा सुळसुळाट असतो. उघड्या हातांनी वार काढणाऱ्यास, तसेच न तापवलेले दूध पिणाऱ्यास तो लागतो. माणसाला येणारा ताप चढउतार करतो, घाम फार येतो, सांधे दुखतात, आणि कमरेचा हाच सांधा धरतो. तेव्हा गोठ्यात जनावर गाभडले असेल आणि घरातल्या कोणाची कंबर तापासह दुखत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. ते विचारतीलच असे नाही. हा रोग प्रतिजैविकांनी बरा होतो, पण ती साधारण सहा आठवडे तरी घ्यावी लागतात.

दूध उकळूनच प्यावे. वार हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, गाभडलेले वासरू व वार खोल पुरावी, कुत्र्यांपुढे टाकू नये. चार ते आठ महिन्यांच्या पारड्यांना व कालवडींना ह्या रोगाची लस टोचली जाते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ती दिली जाते. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

ह्याशिवाय ऊन व पोषण कमी पडून ड जीवनसत्त्व घटले की हाडे मऊ पडून कंबर दुखते. पन्नाशीनंतर प्रथमच कंबर दुखू लागली, किंवा पूर्वी स्तनाचा वा दुसरा कॅन्सर झालेला असेल, तर नीट तपासणी करून घ्यावी.

उपाय कोणते

निदान पक्के झाल्यावर पहिला उपाय म्हणजे भीती टाकणे. हे आम्ही उपदेश म्हणून सांगत नाही. भ्यालेला माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने कमरेचे स्नायू दुबळे होतात, आणि दुबळे स्नायू सांध्याला आधार देऊ शकत नाहीत; मग तो अधिक दुखतो. हे चक्र तोडावयाचे असेल तर हालत राहिले पाहिजे.

दुखणे फार असेल तेव्हा एक-दोन दिवस जड काम टाळावे, पण महिनोन्‌महिने अंथरुण धरू नये. गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटे शेकावे. पिशवी फडक्यात गुंडाळावी, कातडी भाजू देऊ नये. बाळंतपणाच्या आगेमागे दुखत असेल तर कमरेचा पट्टा काहींना फार उपयोगी पडतो. मात्र तो पोटावर बांधावयाचा नसून खाली, मांडीच्या सांध्याची हाडे बाजूला हाताला लागतात तेथून जरा वर, कुल्ल्यांभोवती बांधावयाचा असतो. उभे राहताना व चालताना तो बांधावा, झोपताना सोडावा.

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच आणि थोड्या दिवसांसाठी घ्याव्यात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या गोळ्या औषधाच्या दुकानातून मनाने आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. आपल्या रानातली गिधाडे नाहीशी का झाली हे शेतकऱ्यांना ठाऊक असेल. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि म्हणून २००६ साली भारताने ते औषध जनावरांसाठी बंद केले. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, आणि माणसासाठी ते औषध आजही योग्य प्रमाणात वापरले जाते. पण मूत्रपिंड ही जपावयाची वस्तू आहे एवढे त्यातून ध्यानात घ्यावे. गरोदर बाईने डॉक्टरांस विचारल्याशिवाय अशी एकही गोळी घेऊ नये.

एवढ्याने भागले नाही तर तज्ज्ञ डॉक्टर सांध्यात इंजेक्शन देतात. शस्त्रक्रियेची वेळ फारच क्वचित येते. पहिल्याच भेटीत कोणी शस्त्रक्रियेचा आग्रह धरला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

घरी करावयाचे व्यायाम

व्यायामाची सुरुवात फिजिओथेरपिस्टकडून शिकून करावी. साधे चार प्रकार येथे देतो. बाळंत बाईने, विशेषतः सिझर झालेल्या बाईने, डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावरच ते सुरू करावेत.

१. उताणे निजून गुडघे वर घ्यावेत, पाऊले जमिनीवर टेकलेली. पोट आत ओढून कंबर जमिनीला चिकटवावी. पाच अंक मोजून सोडावी.

२. त्याच स्थितीत दोन्ही गुडघ्यांमध्ये घडी केलेला टॉवेल धरून तो हळूहळू दाबावा. पाच अंक मोजावेत.

३. त्याच स्थितीत कुल्ले हलकेच वर उचलावेत. खांदे ते गुडघा एक उतार झाला की थांबावे, पाच अंक मोजून खाली यावे.

४. कुशीवर निजून दोन्ही गुडघे दुमडावेत. टाचा एकमेकींस लावून ठेवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडावा व मिटावा. मग कूस बदलावी.

प्रत्येक प्रकार दहा वेळा, सकाळी व संध्याकाळी. श्वास कोंडू नये. किंचित ओढ बसली तर चालेल. कळ आली तर थांबावे. शिवाय सपाट रस्त्यावर रोज चालावे. हा सांधा एका आठवड्यात ऐकत नाही. पेरल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी कणीस शोधीत नाही. नेमाने केले तर बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो.

रोजच्या कामात थोडा बदल करावा. मूल दोन्ही कडांवर आळीपाळीने घ्यावे. एक मोठी घागर कमरेवर घेण्यापेक्षा दोन लहान कळशा दोन हातांत घ्याव्यात. ओझे उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे आणि ओझे अंगाजवळ धरावे. लावणी-भांगलणीत दर अर्ध्या तासाने उभे राहून पाठ सरळ करावी. कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी ठेवावी. उठताना आधी कुशीवर वळून हाताचा आधार घ्यावा. देवळात गुडघे टेकून राहणे त्रासाचे होत असेल तर खुशाल बसावे. त्यात कोणाचा अनादर होत नाही.

काय करू नये

पायाळू माणसाकडून कमरेवर पाय देऊन घेणे, बिब्ब्याने डाग देणे, हाड ‘सरकले’ म्हणून ते बसवून घेणे, हे प्रकार अजून चालतात. हे हाड सरकलेले नसते, तेव्हा बसवण्यासारखे काही नाही. लाथेने सांधा सुधारत नाही, आणि बिब्ब्याने कातडी जळून जखम होते ती निराळीच. कोठल्याशा गावी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्याही घेऊ नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते असा अनुभव अनेक ठिकाणी आलेला आहे. आठ दिवस फार बरे वाटते, आणि पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

काही गैरसमजही दूर व्हावेत. सिझरच्या वेळी पाठीत दिलेल्या सुईने कंबर कायमची जाते, हे खरे नाही. सुईच्या जागी काही दिवस दुखते, वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचे कारण ती नव्हे. हाड आधीच दाट झाले म्हणून कॅल्शियम बंद करावे, हेही खरे नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला कॅल्शियम हवेच. आपली नाचणी ह्या बाबतीत श्रीमंत आहे; शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तसेच हा विकार आहे म्हणून पुढचे मूल होऊ देऊ नये किंवा पुढचे बाळंतपण सिझरनेच करावे, असेही नाही. पुन्हा पुन्हा एक्स-रे काढून पांढरा त्रिकोण गेला का हे पाहण्याचीही गरज नाही. दुखणे थांबल्यावरही तो वर्षानुवर्षे दिसू शकतो. काहींचा हळूहळू विरतो. सुधारणा मोजायची ती बाई किती चालते, किती झोपते ह्यावरून, फोटोवरून नव्हे.

पुढील लक्षणांपैकी एकही दिसले तर मात्र वाट पाहू नये: लघवी किंवा शौच ह्यांवरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधल्या जागी बधिरपणा, पायातली शक्ती कमी होणे, तापासह कंबर दुखणे, कारणाशिवाय वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र कळ, किंवा विश्रांतीतही रात्रंदिवस वाढत जाणारे दुखणे. ह्यांपैकी पहिल्या तीन लक्षणांत त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

घरच्या माणसांसाठी

शेवटी एक गोष्ट घरच्यांस. ह्या विकारात बाहेरून काहीच दिसत नाही. सूज नाही, प्लॅस्टर नाही, ताप नाही. त्यामुळे बाई कामचुकारपणा करते, असा आरोप सहज होतो, आणि कित्येक जणी तो टाळण्यासाठीच दुखणे गिळून काम करतात. आरोप करणाऱ्यांनी तो एक्स-रे उजेडात धरून पाहावा. पांढरा त्रिकोण हा भिण्यासारखा नसला तरी खोटाही नाही. तो कोठून आला असेल ह्याचा विचार करताना तिच्या गरोदरपणी पाणी कोणी भरले होते, हेही आठवावे.

बाळंतपणानंतर सहा आठवडे तरी तिला घागर उचलावी लागू नये. विहिरीवर नवऱ्याने जावे. त्याने त्याचे काही कमी होत नाही. व्यायामाची वीस मिनिटे तिला मिळावीत म्हणून तेवढा वेळ मूल सासूबाईंनी घ्यावे. आणि एक्स-रे, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात, म्हणजे प्रत्येक नव्या डॉक्टरकडे पुन्हा पहिल्यापासून खर्च करावा लागणार नाही. म्हैस विकण्याचा विचार त्यानंतर करावा. बहुधा तो करण्याची वेळच येणार नाही.